पांढरं पडलेलं कोरल आणि ‘४८ तासांचा उपाय’

‘कोरल पांढरं पडलं? ४८ तासांत रंग परत!’ अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या मरीन टँक (खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) ठेवणाऱ्या मराठी मंडळींत फिरतोय. मुंबई-पुण्यात तर तो आहेच, दुबई आणि न्यू जर्सीच्या मराठी घरांतही पोचलाय. त्यातले सल्ले थोडक्यात असे: पूर्ण पांढरं झालेलं कोरल मेलेलं असतं, लगेच काढून टाका. नुसतं फिकट असेल तर लाईट पूर्ण वाढवा, कारण कोरल प्रकाशावरच जगतं; खाणं देऊ नका. टँकचं ऐंशी टक्के पाणी बदला, नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणा. पाण्यात आयोडीन घाला, अ‍ॅमॉक्सिसिलिनची कॅप्सूल फोडून टाका. दगड काढून उकळून घ्या. आणि एवढं करूनही नाही जमलं तर मालवणहून नवीन तुकडा आणा.

यातल्या बहुतेक सल्ल्यांनी आजारी कोरल हमखास दगावेल. एका सल्ल्याने तर घरातल्या माणसांच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून हा मजकूर पुढे पाठवण्याआधी प्रत्येक मुद्दा तपासून घ्यायला हवा.

‘पांढरं म्हणजे मेलं.’ नाही. कोरल ही छोट्या प्राण्यांची वसाहत असते. त्या प्रत्येक प्राण्याला पॉलिप म्हणतात. पॉलिपच्या पेशींत झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा पॉलिपला मिळतो. पाणी तापलं, लाईट अचानक वाढला किंवा क्षारता (पाण्यातल्या मिठाचं प्रमाण) एकदम बदलली की हे शैवाल निघून जातं. मागे उरते ती पारदर्शक त्वचा, आणि तिच्यातून खालचा चुन्याचा सांगाडा पांढरा दिसतो. प्राणी जिवंतच असतो, फक्त उपाशी असतो.

जिवंत की मेलेलं, हे घरच्या घरी कळतं. टँकचे लाईट बंद झाल्यावर तासाभराने बॅटरी तिरकी धरून पाहा. त्वचा शाबूत असेल तर सांगाड्याच्या कडा बोथट, किंचित फुगीर दिसतात आणि वर ओलसर चमक असते. पॉलिपनी बारीक बारीक हात बाहेर काढलेले असतील. ड्रॉपरने हलकेच पाण्याचा फवारा मारा. ते हात आत ओढले जाताना दिसतील. मेलेल्या भागावर सांगाड्याच्या पात्या उघड्या, धारदार दिसतात आणि काही दिवसांत तिथे हिरवट-तपकिरी शेवाळ चढतं. जिवंत त्वचेवर ते सहसा चढत नाही. अर्धा भाग मेला आणि अर्धा जिवंत असला तरी कोरल फेकू नका. हॅमर किंवा टॉर्च नावाच्या जातींच्या कोरलचं एक तोंड जरी वाचलं, तरी त्यापासून पुन्हा वसाहत उभी राहते.

घाई करण्यासारखी परिस्थिती वेगळी असते. हॅमर, टॉर्चसारख्या कोरलवर तपकिरी, चिकट जेलीसारखा थर दिसला, किंवा अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या कोरलची त्वचा तासातासाला सोलून निघू लागली, तर त्याच दिवशी हात घालावा लागतो. आधी पंप बंद करा, म्हणजे सुटे तुकडे टँकभर पसरणार नाहीत. जेली बारीक नळीने ओढून बाहेर काढा. बाधित फांदी निरोगी भागाच्या थोडी आतून कापून वेगळी करा. हे आजार आणि पांढरं पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या मजकुराने दोन्हींना एकच औषध सांगितलंय, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

‘लाईट वाढवा, खाणं बंद करा.’ हा सल्ला बरोबर उलटा आहे. कोरल पांढरं पडण्याचं एक मुख्य कारणच जादा प्रकाश आहे, विशेषतः पाणी गरम असताना. त्या अवस्थेत शैवालाची प्रकाश वापरण्याची यंत्रणा बिघडते आणि पेशींना मारक असे ऑक्सिजनचे उग्र रेणू तयार होतात. शैवाल गेल्यावर तर प्रकाश अडवणारं कोणी उरत नाही. पांढऱ्या सांगाड्यावर आपटून तो पुन्हा त्वचेतूनच परततो, म्हणजे उरल्यासुरल्या शैवालावर दुहेरी मारा. पांढरं पडलेलं कोरल खाली, थोड्या सावलीत सरकवा किंवा लाईट कमी करा. प्रकाशमापक असेल तर तिथे ५० ते १०० पार (शैवालाला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) इतकाच प्रकाश ठेवा. पूर्ण अंधार मात्र नको. जागा एकदाच बदला; रोज इकडून तिकडे हलवू नका.

आता खाण्याचं. शैवाल नसलेल्या प्राण्याला बाहेरून अन्न मिळालं नाही तर तो साठवलेल्या चरबीवर किती दिवस काढणार? संशोधक आंद्रेया ग्रोटोली आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ‘नेचर’मध्ये हवाईच्या कोरलांवरचं काम प्रसिद्ध केलं. पांढरं पडल्यावर मॉन्टिपोरा कॅपिटाटा या जातीने भक्ष्य पकडण्याचं प्रमाण इतकं वाढवलं की तिची रोजची ऊर्जेची गरज त्यातूनच भागली. तिथल्या पोरायटीस जातींना ते जमलं नाही. त्यांची साठवण संपत गेली. म्हणजे जातीजातीत फरक आहे, पण ज्या जातीला खाता येतं तिला खायला द्यायलाच हवं.

ते कसं द्यायचं हेही नीट पाहा. संध्याकाळी किंवा रात्री पॉलिपचे हात बाहेर आल्यावर वेव्हमेकर (पाण्यात लाटा करणारं यंत्र) आणि पंप थोडा वेळ थांबवा. वितळवलेल्या मायसिस कोळंबीचा अगदी बारीक तुकडा किंवा कोरलसाठी मिळणारी पूड टँकच्याच पाण्यात कालवा आणि ड्रॉपरने हातांवर अलगद सोडा. घास धरला की हात मिटतात आणि तो हळूहळू तोंडाकडे सरकतो. मध्ये क्लीनर श्रिम्प येऊन घास पळवते, तिला हाकलत राहावं लागतं. पंधरा मिनिटांत घास धरला नाही तर तो उचलून घ्या. तिथेच कुजला तर नवीन जखम होते. आठवड्यातून दोनतीनदा एवढं पुरतं. पाणी नासतं ते अति खाण्याने, आणि त्यावर उपाय म्हणजे मोजून देणं.

‘ऐंशी टक्के पाणी बदला, सगळं शून्यावर आणा.’ ताज्या मिठाच्या पाण्याचं तापमान, क्षारता आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) टँकच्या पाण्याशी तंतोतंत जुळणं अवघड असतं. थोडं पाणी बदललं तर फरक जिरतो. ऐंशी टक्क्यांत तोच फरक धक्का होतो. दहा-पंधरा टक्के बदला, तेही जुळवून. अल्कलिनिटी ७ ते ९ डीकेएचच्या (हे तिचं एकक) दरम्यान एका जागी स्थिर ठेवा आणि दुरुस्त करायची असेल तर दिवसाला एक डीकेएचपेक्षा जास्त हलवू नका. विषबाधेचा संशय असेल तेव्हाच मोठा बदल योग्य. घरात पेस्ट कंट्रोल झालं, टँकशेजारी डासांचा स्प्रे मारला, पाण्यात तांबं उतरलं, अशा वेळी भरपूर पाणी बदला आणि अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लावा.

शून्याचा हट्ट तर सोडूनच द्या. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या यॉर्ग वीडेनमान यांच्या गटाने २०१३ साली दाखवलं की नायट्रोजन भरपूर आणि फॉस्फेट अपुरं असेल तर कोरल उष्णतेने आणि प्रकाशाने लवकर पांढरं पडतं. शैवालाला परत यायचं तर त्यालाही खत लागतं. नायट्रेट २ ते १० पीपीएम (दशलक्षात इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असू द्या.

मूळ कारण शोधायचं सोडून पाणी उपसत बसण्यात अर्थ नाही. मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत चिलर नसलेल्या टँकचं पाणी सहज ३० अंशांच्या वर जातं. कोरलला २४ ते २७ मानवतं. पाण्यावर पंखा लावला तर बाष्पीभवनाने तापमान उतरतं, पण क्षारता चढते. ती भरपाई साध्या आरओ-डीआय पाण्याने (गाळून क्षार काढलेल्या) करायची, मिठाच्या पाण्याने नाही. बर्फाच्या पिशव्या टाकून तासाभरात तापमान पाडणं म्हणजे दुसरा धक्का. आणि क्षारता मोजणारं रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मिठाच्या) द्रावणाने तपासून घ्या.

‘आयोडीन आणि अ‍ॅमॉक्सिसिलिन.’ समुद्राच्या पाण्यात आयोडीन लिटरमागे ०.०६ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. टँकमध्ये अंदाजाने थेंब टाकणं धोक्याचं आहे. आयोडीनची जागा वेगळ्या भांड्यात, कापलेल्या फांदीला थोड्या मिनिटांचा डिप (द्रावणात बुडवणं) देण्यापुरती. अ‍ॅमॉक्सिसिलिनचा सल्ला बहुधा फ्लोरिडातून उचललाय. २०१४ साली मायामीजवळ दगडी कोरलची त्वचा झडवणारा एक आजार दिसला आणि तो कॅरिबियनभर पसरला. तिथे पाणबुडे अ‍ॅमॉक्सिसिलिन घातलेला लेप जखमेच्या कडेवर लावतात. लेप जखमेवर बसतो, समुद्रात कोणी कॅप्सूल फोडत नाही. टँकमध्ये फोडली तर अमोनिया जिरवणारे जिवाणू मरू शकतात, आणि मग धोका सगळ्याच जिवांना. शिवाय उष्णतेने पांढरं पडणं हा संसर्ग नाहीच. त्याला अँटिबायोटिक काय करणार?

‘दगड उकळा.’ कृपा करून हे कोणीही करू नका. घरगुती टँकमधल्या दगडांवर झोअँथिड आणि पॅलिथोआ ही बटणांसारखी कोरलं सर्रास वाढतात आणि त्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं. निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी ते एक आहे. असा दगड उकळला, गरम पाण्याने धुतला किंवा ब्रशने खरवडला की विषारी तुषार हवेत जातात. परदेशात अशाने अख्खी कुटुंबं रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी आहेत: ताप, धाप, खोकला, स्नायूंच्या वेदना. त्यावर उतारा नाही, फक्त लक्षणांवर उपचार होतात. हे कोरल हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, कापायचं तर उघड्या हवेत. त्रास झालाच तर डॉक्टरांना पॅलिटॉक्सिनचं नाव घेऊन सांगा, नाहीतर ते साध्या तापावर इलाज करत बसतील.

‘मालवणहून तुकडा आणा.’ हा गुन्हा आहे. दगडी कोरल आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे, आणि तिथली कोरलं आधीच उष्णतेने पांढरी पडलेली पाहण्यात आली आहेत. दुकानातून घेतानाही कायदेशीर आयातीचे कागद मागा. नसतील तर घेऊ नका.

राहिला ४८ तासांचा दावा. शैवाल पुन्हा वाढायला आठवडे लागतात, कधी महिने. आधी हिरवा-जांभळा रंग येत नाही. येते ती पॉलिपच्या तोंडाभोवती किंवा फांदीच्या बुंध्याशी फिकट तपकिरी झाक. ती दिसली म्हणून लगेच लाईट चढवू नका. आणखी दोन आठवडे तसाच ठेवा, झाक गडद होत असेल तर मग आठवड्याला थोडा थोडा वाढवा. तोपर्यंत अल्कलिनिटी, तापमान आणि क्षारता वहीत लिहा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. नाहीतर कोरल कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं, हे कळणारच नाही.