भरलेल्या घरातली आई

भारतात म्हाताऱ्या माणसांच्या एकटेपणावर वाद सुरू झाला की तो दोन ठिकाणी हमखास जाऊन पोचतो. मुलं परदेशी गेली म्हणून आईबाप एकटे पडले, हे एक. आणि एकटेपणा हे पश्चिमेचं दुखणं, आपल्याकडे अजून कुटुंब शाबूत आहे, हे दुसरं. मी बरीच वर्षं इंग्लंडात असल्यामुळे पहिल्या वादात आरोपी असतो, दुसऱ्यात साक्षीदार. दोन्हीकडे मोजतात मात्र एकच गोष्ट: घरात माणसं किती.

या हिशेबानं माझी आई एकटी नाही. ती दादाकडे राहते, घरात पाच माणसं. रविवारी व्हिडिओ कॉलवर सगळे दाटीवाटीनं बसतात, आई मधोमध. गेल्या वर्षी एकदा दादानं काहीतरी विनोद केला, सगळे हसले, आणि आई किंचित उशिरा हसली. आधी तिनं वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं, मग हसली. पुढच्या रविवारी मी मुद्दाम लक्ष ठेवलं. पुन्हा तसंच. तिला ऐकूच येत नव्हतं.

मग मागचं एकेक आठवायला लागलं. फोनवर दोन वाक्यं झाली की 'घे, दादाशी बोल'. वाचनालयात जाणं गुडघ्यांमुळे बंद झालं असं ती सांगायची. डॉक्टरकडे जायला मात्र गुडघे आड येत नसत. तिथे कुणीतरी तिला समोर बसवून, तिच्याकडे बघून, तिलाच प्रश्न विचारत होतं. आम्ही याला 'वयानुसार शांत झाली' म्हणत होतो.

एकटं राहणं आणि एकाकी वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बाहेरून दिसते: किती माणसं भेटतात, किती फोन येतात. दुसरी विचारल्याशिवाय कळत नाही. माझ्या शेजारच्या बाई ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहतात आणि आठवड्यातून तीन दिवस घरी सापडत नाहीत. त्यांची कीव करून मी काही वर्षं वाया घालवली.

ब्रिटननं जानेवारी 2018 मध्ये मंत्री ट्रेसी क्राउच यांच्याकडे एकाकीपणाचं खातं सोपवलं तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर यथेच्छ थट्टा झाली. मीही केली. पण त्याच वर्षी तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं हे मोजायचं कसं, ते ठरवलं. सोबतीची उणीव किती वेळा जाणवते? आपल्याला वगळलं जातंय असं किती वेळा वाटतं? इतरांपासून तुटल्यासारखं? आणि शेवटी सरळच, एकाकी किती वेळा वाटतं? यात 'घरात कोण कोण असतं' हा प्रश्नच नाही. तिथल्या पाहण्यांत वारंवार एकाकी वाटतं म्हणणाऱ्यांचं प्रमाण म्हाताऱ्यांपेक्षा 16 ते 24 वयाच्या मुलांत जास्त निघालं, हेही आमच्या गटाच्या गृहीतकात बसणारं नव्हतं.

इंग्लंडातलं सगळं गोड आहे असं नाही. इथे माणूस घरात मरून पडतो आणि कधी कधी कित्येक दिवस कुणाला पत्ता नसतो. डॉक्टरच्या सांगण्यावरून एखाद्या गायनमंडळात किंवा बागकामाच्या गटात नाव घालून देणारी माणसं दवाखान्यांशी जोडलेली आहेत, तरी नाव घातलं म्हणून माणूस जातोच असं नाही. पण इथे निदान विचारतात. आपल्याकडे विचारणं हाच घरच्यांचा अपमान ठरतो. आईबापांना सांभाळण्याचा 2007 चा कायदा आपण केला, त्यात निर्वाहखर्च मागता येतो. पण जिच्या ताटात, औषधात काही कमी नाही तिनं न्यायाधिकरणापुढे कोणती तक्रार मांडायची?

हे सगळं मी सोयीनं म्हणतोय, असं दादा म्हणाला तर मी वाद घालणार नाही. रोजचं करणं त्याच्याकडे आहे, मी आठवड्यातून एकदा पडद्यावर उगवतो. फक्त रोज बघणाऱ्याला हळूहळू होणारा बदल दिसत नाही, आणि तो पाहायला खूप जवळ असावं लागतं असंही नाही. 'कशी आहेस?' याला उत्तर ठरलेलं असतं, 'मजेत'. म्हणून मी आता विचारतो, 'काल कुणाशी बोललीस? कशावर?' पहिल्यांदा ती बराच वेळ आठवत बसली.

ऐकण्याचं यंत्र आलं. ते महिनाभर खणात होतं, कारण त्यात सगळ्यांच्या आधी भांड्यांचा आवाज येतो. तपासणाऱ्या बाईंनी आवाज जुळवून दिला, तेव्हा कुठे ते कानावर टिकलं. त्याची बारकी बॅटरी आईच्या बोटांत धरत नाही, म्हणून दर आठवड्याला नातवाला हाक मारावी लागते. बॅटरी बदलायला मिनिटसुद्धा लागत नाही. तो अर्धा तास तिथेच बसतो, अशी वहिनीची तक्रार आहे.