हवा किती ठेवता?

साताऱ्यात थार घेतली की महिनाभर कंदी पेढे वाटावे लागतात, आणि ज्याने पेढा खाल्ला त्याला गाडीविषयी सल्ला द्यायचा हक्क मिळतो. माझ्या मेहुण्याने पाव किलो खाल्ले होते. सल्लाही तेवढाच जड निघाला. "दाजी, बाकी समदं सोडा, आधी बीडलॉक टाका. नाद नाय करायचा!"

प्रकरण असं आहे. चाकाच्या साध्या डिस्कवर, म्हणजे टायर ज्यावर चढवतात त्या धातूच्या भागावर, टायर बसून राहतो तो आतल्या हवेच्या जोरावर. हवाच टायरची कड डिस्कला दाबून धरते. दगडधोंड्यांत किंवा वाळूत हवा उतरवली की टायर पसरतो आणि पकड वाढते. पण हवा पाच-सात पीएसआयवर (हवेचा दाब मोजायचं माप) आणली आणि गाडी वळवली, तर टायर डिस्क सोडून बाहेर येऊ शकतो. बीडलॉकमध्ये टायरची बाहेरची कड एका गोल धातूच्या कड्याखाली धरून बोल्टांनी आवळून टाकतात. मग हवा जवळजवळ संपली तरी टायर जागा सोडत नाही. अमेरिकेत युटामध्ये मोआब नावाचं गाव आहे, तिथे लोक घराएवढ्या खडकांवर जीप चढवतात. त्यांना हे लागतं.

मला ते कुठे लागेल, हे शोधायला मी मनातल्या मनात जिल्हा पालथा घातला. कासच्या पठारावर गाडी घालायची सोय नाही, आणि नसावीच. फुलांवरून चाकं फिरवणाऱ्याला सज्जनगडाच्या पायऱ्या पाण्याची कळशी घेऊन चढायला लावाव्यात. गडावर वाहनतळापर्यंत डांबरी रस्ता. अजिंक्यताऱ्यावर तर लोक सकाळी स्कूटरवरून फिरायला जातात. चाळकेवाडीला पवनचक्क्यांपर्यंत रस्ते. वासोटा खरा दुर्गम, पण तिथे बामणोलीहून लाँचने जायचं, आणि लाँचवाला थार घेत नाही. उरला आमचा शेताचा रस्ता. तिथे पावसाळ्यात उसाच्या ट्रॉलीने पाडलेल्या चाकोऱ्या असतात, त्यात गाडी टेकते खरी. पण ती ट्रॅक्टरवाला पाच मिनिटांत काढतो आणि वर चहा पाजतो.

तरीही मन मानेना. मोह अशा हिशेबाने मरत नाही. शेवटी टायरवाल्या मामांकडे गेलो.

"हवा किती ठेवता?" मामांनी विचारलं.

"तीस."

"आन् लई कमी केली तर?"

"अठरा. चिखलात."

"अठराला साध्या डिस्कवरनं टायर निघतोय व्हय? सावकाश चालवली तर पंधरालाबी निघत नाय." मग मामांनी खर्चाच्या पलीकडचा हिशेब मांडला. एकेका चाकाला वीस-चोवीस बोल्ट. ते टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे. थोडं फिरवून आणून पुन्हा तपासायचे. कडं धरून चाक जड, बॅलन्सिंगची कटकट. आणि स्टेपनी? ती साधी ठेवायची की तिलाही बीडलॉक? "पंक्चर झालं तर माज्याकडं आणू नगा," मामा म्हणाले. "तुमचे बोल्ट काढंपतोर माजं गिऱ्हाईक कोल्हापूरला पोचंल."

वकील मित्राने फुकटात मोटार वाहन कायद्याचं कलम 52 ऐकवलं. नोंदणीतला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असे फेरफार गाडीत करू नयेत, असं ते कलम सांगतं. तुझी चाकं त्यात बसतात का, हे मात्र तो फी घेऊन सांगणार होता.

घरात पाच चाकांचा आकडा सांगितला तेव्हा सौ. काहीच बोलल्या नाहीत. फक्त वर छताकडे बघितलं. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं कोटेशन बरोबर तेवढंच आलं होतं, आणि साताऱ्याचा पाऊस वाट बघत बसत नाही.

मेहुण्याने तडजोड काढली. बाजारात दिखाऊ बीडलॉकही मिळतात. वरून कडं, वरून बोल्ट, आत साधी डिस्क. टायरला कशाचाच आधार नाही, पण पोवई नाक्यावर लोक वळून बघणार.

"म्हणजे एक ग्रॅमचे दागिने," सौ. म्हणाल्या. "ते घालून लग्नाला जाता येतं, पण गहाण टाकता येत नाहीत."

शेवटी मी हवेचा दाब मोजायचा गेज आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर घेतला. शेतात हवा उतरवायची, हायवेला लागण्याआधी भरायची. बीडलॉकवाल्यांनाही हे चुकत नाही. पण गेज हाती आल्यापासून मला धीर धरवत नाही. कुणाच्याही बारशाला गेलो की आधी वाहनतळात उकिडवा बसतो. परवा मेहुण्याच्या गाडीचं पुढचं चाक मोजलं. एकोणीस! महाशय त्यावर पुण्याला जाऊन आले होते.

"अहो, मरायचंय का? हायवेला एवढ्या कमी हवेवर टायर तापून फुटतो!"

तो चाकाभोवती एक फेरी मारून आला. टायर डिस्कवर जसाच्या तसा होता. "तरीच म्हटलं दाजी," तो म्हणाला, "यंदा कात्रजला गाडी कशी चिकटून चालली होती!"