प्रशिक्षित पत्रकाराने मेगावॉट कसा लिहावा

ऊर्जा आणि हवामान बदलावरच्या एकदिवसीय पत्रकार कार्यशाळेचं निमंत्रण आलंय? अभिनंदन. आधी स्वेटर शोधा. बाहेर एप्रिल असला तरी हॉटेलच्या हॉलमध्ये एसी 18 वर असतो आणि रिमोट कुणाकडे आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. मागच्या खेपेला तापमानवाढीची स्लाइड बघताना मी सलग शिंकत होतो. दारातच ज्यूटची पिशवी मिळेल. आत प्लॅस्टिकच्या वेष्टनातलं पेन आणि प्रायोजक वीज कंपनीचा गुळगुळीत अहवाल. पिशवी भाजीला ठेवा. अहवाल तर जपूनच ठेवा, पुढचे सहा महिने बातम्या त्यातूनच करायच्यात.

आता मुख्य धडा. वीज किती तयार होऊ शकते ते मेगावॉटमध्ये सांगतात आणि खरोखर किती झाली ते युनिटमध्ये, असं एखादा तज्ज्ञ सांगू लागला की चहाला उठा. हा फरक एकदा डोक्यात शिरला की प्रेसनोट जशीच्या तशी सोडताना हात अडतो. आणि हात अडला की पान लेट होतं. 100 मेगावॉटचा सौर प्रकल्प म्हणजे दिवसाला 24 लाख युनिट, हा गुणाकार कुणालाही जमतो. सूर्य रोज मावळतो, सकाळ-संध्याकाळ तिरपा असतो, श्रावणात ढगाआड दडी मारतो, म्हणून हाती साडेचार-पाच लाखांच्या आसपासच लागतात. पण ती सूर्याची खासगी बाब झाली. तुम्ही ‘इतक्या लाख घरांना वीज’ असं लिहून मोकळे व्हा. त्या घरांत रात्री दिवे लावतात का, हे मला तरी आजवर एकाही वाचकाने पत्र पाठवून विचारलेलं नाही.

मथळ्याचंही तसंच. 2025 च्या जूनमध्ये देशाच्या स्थापित क्षमतेतला, म्हणजे वीज किती तयार होऊ शकते त्यातला, निम्मा वाटा बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून इतर) स्रोतांचा झाला. लगेच ‘देशातली निम्मी वीज हरित!’ असं ठोका. 2024-25 मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेतला सत्तर टक्क्यांहून जास्त भाग कोळशाचाच होता, हे खरं. पण ‘वीज’ मथळ्यात बसतं, ‘स्थापित क्षमता’ बसत नाही. दोष कॉलमच्या रुंदीचा.

कोळशाबद्दल लिहायची वेळ आलीच, तर साचा तयार ठेवा. औष्णिक केंद्रांनी चिमणीतून सुटणारा सल्फर डायऑक्साइड दोन वर्षांत आवरावा, असा नियम डिसेंबर 2015 मध्ये आला. मग मुदतवाढ. मग परत मुदतवाढ. मी ती बातमी एकदाच टाइप करून ठेवली होती, दरवेळी फक्त साल बदलायचो. जुलै 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना हा वायू अडवणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली आणि माझा साचा वाया गेला. असा धोका या बीटमध्ये असतोच.

उन्हाळ्याला मात्र प्रशिक्षण लागत नाही. ‘सूर्य आग ओकतोय’ आहेच. वेधशाळा तापमान सावलीत, पांढऱ्या झडपांच्या पेटीत मोजते. तुम्ही उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डचा फोटो घ्या, चार अंश जास्तच मिळतील. सोबत स्कार्फवाल्या मुली आणि रसवंती. डांबर टाकणारा मजूर नको, तो फोटोत घामट दिसतो आणि पान उदास होतं.

शेवटच्या सत्रात, ‘शाश्वत विकासात माध्यमांची भूमिका’ चालू असताना, जुन्नरकडच्या वार्ताहराचा फोन येईल. “साहेब, डीपीचा ट्रान्सफॉर्मर जळून नऊ दिवस झाले. पलीकडच्या डीपीवर थ्री फेज रात्री बाराला येतंय. मोटर चालू करायला माणसं उसातनं जातात, काल बिबट्या दिसलाय. बातमी लावता का?” त्याला शांतपणे समजावा की हा ऊर्जेचा विषय नाही, तालुक्याचा आहे. एक कॉलम, पान पाच, तेही जाहिरात आली नाही तर. तो विचारेल, मग ऊर्जेचा विषय कोणता? तेवढ्यात हॉलमधले दिवे जातील, खाली जनरेटर धडधडू लागेल, दिवे परत येतील आणि सगळे टाळ्या वाजवतील. त्याला सांगा, ऐकू येत नाही, नंतर बोलू. प्रमाणपत्रं वाटायला घेतलीत.