मुठीवरची झीज मी पुसलेली नाही

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि नीट झोप लागली नाही, म्हणून सकाळी उठून पहिलं हेच लिहायला बसलो. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधल्या एका वखारीतून मला स्टिल 070 हा जुना चेन सॉ, म्हणजे साखळी फिरवून लाकूड कापणारी इंजिनवरची करवत, मिळाला. तो दुरुस्त करून चालू केला, त्या लेखाखाली ताईंनी लिहिलं आहे: ‘पुण्यात रोज झाडं पडताहेत आणि तुम्ही झाडं मारणारी यंत्रं घासूनपुसून कपाटात मांडता, वर त्यांना सुंदर म्हणता. हत्यार पुसलं म्हणून पाप पुसलं जात नाही. मारण्यासाठीच जन्मलेलं यंत्र ते, चालू करायची तरी काय गरज? भंगारात घाला आणि त्या पैशांत रोपं लावा. आमच्या सोसायटीसमोरच्या रेन ट्रीवर कालच तोडणीची नोटीस लागली आहे.’

तुमचं जे बरोबर आहे ते आधी कबूल करतो. त्या लेखात मी कार्बोरेटर आणि प्लगवर पानभर लिहिलं, पण या यंत्रानं आयुष्यभर काय कापलं यावर एक ओळसुद्धा लिहिली नाही. वखारीत राबलेलं यंत्र आहे ते. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, काढलं तेव्हा मागे तेलात भिजून घट्ट झालेला सागाच्या भुश्याचा थर होता, चाकूनं खरवडून काढावा लागला आणि खरवडताना सागाचा वास खोलीभर पसरला. एवढी गोष्ट डोळ्यांसमोर असून मी ती लिहिली नाही. तो भाग आज लेखात घातला आहे.

पण ‘घासूनपुसून’ म्हणालात ना, ते मला लागलं. काय पुसायचं आणि काय ठेवायचं, यावरच माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. पुढच्या मुठीवरचं रबर एका जागी इतकं झिजलं आहे की आतली नळी दिसते. तिथे कुणाचा तरी डावा अंगठा वर्षानुवर्षं टेकलेला होता. नवं रबर मिळत होतं, मी नाही बसवलं. बाहेरच्या आवरणावरचा रंग उडालाय, तोही तसाच ठेवलाय. मॅग्नेशियमच्या केसवर जिथे गंज चढत होता तेवढीच जागा साफ केली, कारण ती सोडली असती तर गंजानं केसच खाल्ली असती.

त्या झिजलेल्या रबरावर हात ठेवून एकदा यंत्र चालू करा, मग मी हे का जपतो ते मला सांगावं लागणार नाही. 106 सीसीचं दोन स्ट्रोक इंजिन सरळ मुठीला जोडलेलं आहे, मध्ये स्प्रिंग नाही, रबरी बुश नाही. पाच मिनिटांत मनगटापर्यंत मुंग्या येतात. ज्यांनी दिवसाला सहा-सात तास असं यंत्र धरलं, त्यांच्या बोटांच्या रक्तवाहिन्या बिघडायच्या, थंडीत बोटं पांढरी पडायची, बटण लावता यायचं नाही. धक्के शोषणाऱ्या मुठी 1960च्या दशकात आल्या, साखळी झटक्यात थांबवणारा चेन ब्रेक 1970च्या दशकात. माझ्या 070ला दोन्ही नाहीत. साखळी ज्या पट्टीवर फिरते त्या बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की बार एका झटक्यात उसळून तोंडाकडे येतो आणि चेन थांबवायला काहीही नसतं. हे मी कागदावर कितीही लिहिलं तरी यंत्र समोर असल्याशिवाय पटत नाही. भंगारवाला ते किलोवर घेईल, तासाभरात फोडेल, आणि त्या अंगठ्याची जागाही त्याबरोबर जाईल.

तुम्ही याला ‘मारण्यासाठीच जन्मलेलं’ म्हटलंत, म्हणून थोडा इतिहास सांगतो. दात्यांची साखळी फिरवून कापायची कल्पना लाकडाआधी शस्त्रक्रियेत वापरली गेली. 1830च्या सुमारास जर्मनीत बर्नहार्ड हाइने यांनी हाड कापायला हातानं फिरवायचं साखळीचं उपकरण बनवलं. लाकडाकडे ती आली ती ओझं हलकं करायला. दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची करवत ज्यानं एक दिवस ओढली आहे त्याला हे सांगायला नको. माझ्या सॉची कंपनी काढणाऱ्या आंद्रेआस स्टिल यांचा 1926चा विजेवरचा सॉ 48 किलोंचा होता, 1929चा पेट्रोलवरचा 46 किलोंचा, आणि दोन्हींना दोन माणसं लागत. 1950 साली एकट्या माणसाला चालवता येणारा सॉ आला आणि 1959 साली त्याच कंपनीचं काँट्रा हे मॉडेल आलं तेव्हा वजन 12 किलोंवर आलं. माझा 070 हे त्या काँट्राचंच पुढचं रूप.

आणि आज सगळे वापरतात त्या साखळीचा दाता एका अळीवरून सुचलेला आहे. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या 1946 साली ओंडक्यावर वाकून भुंगेऱ्याच्या अळीकडे बघत बसला होता. तिचे जबडे डावी-उजवीकडे आलटूनपालटून चालत होते आणि ती लाकडाचे धागे उभे असोत वा आडवे, सहज कापत जात होती. त्यानं तसेच डावे-उजवे दाते साखळीवर बसवले. गोल कानशीनं एकेका दात्याला धार लावताना मला दर वेळी ती अळी आठवते. मी ‘सुंदर’ म्हणालो ते यासाठी, आणि तो शब्द मी मागे घेणार नाही.

चालू करायची काय गरज, असंही विचारलंत. बंद ठेवलेल्या इंजिनाचे ऑइल सील कडक होतात, रिंगा चिकटतात. या यंत्राचंच सांगतो. ठिणगी पाडणारे पॉइंट पॉलिश करून त्यांच्यातली फट 0.4 मिलिमीटरवर लावली, कंडेन्सर जुन्या स्कूटरचा बसवला, ठिणगी निळी पडायला लागली, तरी इंजिन आपोआप तापून वेग घ्यायचं. नाना पेठेत आयुष्यभर दोन स्ट्रोक स्कूटरवर काम केलेले एक मिस्त्री आहेत. त्यांनी हात न लावता नुसतं ऐकलं आणि म्हणाले, ‘हवा ओढतोय, सील बघ.’ क्रँकचं सील एका बाजूनं फाटलेलं निघालं. दोन स्ट्रोकमध्ये क्रँककेसमधूनच मिश्रण वर जातं, तिथे बाहेरची हवा शिरली की पेट्रोल आणि तेल दोन्ही कमी पडतात आणि पिस्टन जाम होतो. असे कान आता पुण्यात फार थोड्या माणसांकडे उरले आहेत. यंत्र बंद पडलं की त्या कानांना काम उरत नाही. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं कार्बोरेटरमधले जुने रबरी पडदे (डायफ्राम) लवकर खराब होतात, म्हणून दर वेळी टाकी रिकामी करून ठेवतो. चालवतो तो फक्त आधीच पडलेल्या, वाळलेल्या ओंडक्यावर. फार्महाऊसचा प्लॉट मोकळा करायला दोघांनी हा सॉ मागितला होता, एकाच्या प्लॉटवर फणस उभा होता. दोघांनाही नाही म्हणालो. त्यातल्या एकाशी अजून बोलणं बंद आहे.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत गुलमोहर आडवा झाला. खाली रिक्षा दबली होती, चालक आतच होता. अग्निशमन दलाचे जवान चेन सॉ घेऊन आले आणि दहा मिनिटांत त्याला बाहेर काढलं, पाय मोडला होता फक्त. त्या वेळी मी फुटपाथवर उभा होतो. म्हणून यंत्रालाच पापी ठरवणं मला जमत नाही. झाड कापायचं की नाही हे सॉ चालू व्हायच्या कितीतरी आधी कागदावर ठरतं.

आता तुमच्या रेन ट्रीचं, आणि हे सगळ्यात निकडीचं आहे. झाडांच्या जतनाचा 1975चा कायदा आपल्या शहराला लागू आहे. नोटीस लागली म्हणजे निर्णय झालेला नसतो, हरकत घेता येते, पण मुदतीत. नोटिशीचा स्पष्ट फोटो आजच काढून ठेवा, अर्ज क्रमांक आणि कारण दिसलं पाहिजे. 2021च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा आहे, त्यामुळे वय हा मुद्दा हरकतीत लिहिलाच पाहिजे. ‘धोकादायक’ असं कारण दिलं असेल तर बुंध्याशी अळंबी उगवली आहेत का, लाकडी हातोडीनं ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का, मुळांजवळची माती एका बाजूनं उचलली आहे का, एवढं बघून फोटोंसह लिहायचं. आतून पोखरलेलं लाकूड आणि निरोगी लाकूड यांतला फरक मला या यंत्रांच्या नादानं वखारींमध्ये हिंडूनच कळायला लागला.

उद्या रविवार आहे. सकाळी सात वाजता मी तुमच्याकडे येऊ शकतो. छातीच्या उंचीवर घेर मोजू, त्यावरून वयाचा अंदाज बांधू आणि तिथेच बसून हरकतीचा अर्ज लिहू. टेप आणि हातोडी मी आणतो, तुम्ही सोसायटीतल्या चार जणांना सह्यांसाठी खाली बोलावून ठेवा. पत्ता इथे लिहू नका, मला मेलवर पाठवा.