वाळवीचे दोन लिटर

इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. वाळवीच्या पोटातले जंतू एका कागदापासून दोन लिटर हायड्रोजन काढतात. ते टाकीत सोडले की शेतातल्या नरवाईचं, म्हणजे कापणीनंतर उरलेल्या धसकटांचं, घरबसल्या इंधन होईल. इंदुरातल्या देवगुराडियाचा कचऱ्यापासून गॅस करणारा प्रकल्प याच जंतूंवर चालतो. आणि तेल कंपन्यांनी हा शोध दडपलाय.

आधी दोन लिटर, कारण सगळी मेख तिथेच आहे. आकडा हवेतला नाही. ए-फोर कागद साधारण पाच ग्रॅमचा. तो निव्वळ सेल्युलोज (कागद-लाकडाचा मुख्य घटक) धरला आणि जंतूंनी कमाल केली, तर तीनेक लिटर हायड्रोजनही निघू शकेल. पण हे वायूचे लिटर आहेत, साध्या दाबाचे. दोन लिटरमधली ऊर्जा वीस-बावीस किलोज्यूल, म्हणजे पाऊण मिलिलिटर पेट्रोलही नाही. लिटरमागे पन्नास किलोमीटर देणारी स्कूटर तेवढ्यावर तीस-पस्तीस मीटर जाईल. राजवाडा राहिला दूरच!

बरं, वाळवी तरी तो हायड्रोजन कुठे देते? तिच्या आतड्यातले दुसरे जंतू त्यातला बराचसा कार्बन डायऑक्साइडशी जोडून ॲसिटेट बनवतात, आणि ॲसिटेट हेच तिचं अन्न. मधल्या टप्प्यावरचा माल फॉरवर्डवाल्यांनी शेवटचा समजून टाकला.

टाकीचं म्हणाल तर, ते आतडं मायक्रोलिटरच्या मापाचं. त्याच्या कडेला ऑक्सिजन झिरपतो, मध्यभागी तो नसतो, आणि दोन्हीकडे वेगवेगळे जंतू राहतात. लाकूड आधी वाळवीच्या जबड्यांनी बारीक होतं, ते पचवणारी रसायनं, म्हणजे एन्झाइम, काही तिची स्वतःची असतात. यातले बरेच जंतू प्रयोगशाळेतही वाढत नाहीत, मग अंगणातल्या सिंटेक्समध्ये काय वाढणार? शिवाय लाकडाला कडक करणाऱ्या लिग्निनचा मोठा भाग न पचता बाहेर पडतो.

देवगुराडियाबद्दल फार बोलायला नको. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला तो प्रकल्प शहराच्या ओल्या कचऱ्यावर चालतो, सुरुवातीची क्षमता रोज ५५० टन. तिथे मिथेन बनतो, गोबरगॅसच्याच पद्धतीने. वाळवीचा काही संबंध नाही.

राहिलं दडपणं. कोस्टा रिकातल्या वाळवीच्या आतड्यातल्या जंतूंची जनुकं २००७ साली ‘नेचर’मध्ये उघड छापली गेली. सेल्युलोज आणि त्याच्या भाऊबंदांना तोडणाऱ्या एन्झाइमांची शेकडो जनुकं त्यात सापडली, आणि त्या कामात एक एन्झाइम कंपनीही सामील होती. पण कारखान्यांत आजही मुख्यतः बुरशीची एन्झाइम वापरतात. त्यातली सगळ्यात नावाजलेली ट्रायकोडर्मा रीसी, दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचं सुती कापड खाताना सापडलेली.

काडापासून इंधन करणारा मोठा कारखाना आपल्या देशात आहेच. पानिपतला, २०२२ पासून, भाताच्या पेंढ्यावर, रोज एक लाख लिटर इथेनॉलच्या क्षमतेचा. तो इंडियन ऑइलने, म्हणजे तेल कंपनीनेच उभारलाय.