किलवर कुणाच्या हातात आहे? : बडुगीवरच्या एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. बडुगी या पत्त्यांच्या खेळात चौथं पान लागण्याच्या शक्यतेवर मी जे लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : सहा जण खेळत असतील तर २४ पानं आधीच वाटलेली असतात, मग मी हातातली चार सोडून उरलेल्या ४८ पानांतून हिशेब का करतो? एका ड्रॉला २०.८ टक्के, तर तीन ड्रॉंना ६२ हवेत, मी ५१ कुठून आणले? आणि तिसरं, जे तुम्हाला जास्त लागलेलं दिसतं : शेवटच्या ड्रॉला बडुगी लागूनही तुम्ही डाव हरलात, मग या गणिताचा उपयोग काय?

खेळ माहीत नसलेल्यांसाठी एवढंच. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांचं प्रत्येकी एक पान आणि चारही पानं वेगळ्या आकड्यांची, म्हणजे बडुगी. एक्का सर्वांत लहान. ज्याची बडुगी लहान, म्हणजे जिचं सर्वांत मोठं पान लहान, तो जिंकतो. पानं बदलायची संधी, म्हणजे ड्रॉ, तीनदा.

दुसरा आक्षेप आधी घेतो, तो लगेच सुटतो. तुमच्याकडे इस्पिकचा एक्का, बदामची दुर्री, चौकटची तिर्री आणि एक बिनकामाचं पान आहे. हवं आहे किलवर, पण एक्का-दुर्री-तिर्री सोडून. म्हणजे ४८ पैकी १० पानं, २०.८ टक्के. ती तीनही वेळा न लागण्याची शक्यता ३८/४८ गुणिले ३७/४७ गुणिले ३६/४६, म्हणजे ४८.८ टक्के. उरले ५१.२. नुसती बेरीज चालत असती, तर पाच ड्रॉंना १०४ टक्के झाले असते.

आता ते ४८. घरी करून बघा. चार पानं घ्या, त्यातलं एकच किलवर. पिसून पालथी ठेवा, एक पान न बघता ताटाखाली सरकवा आणि उरलेल्या तिनातून एक उचला. किलवर बाहेर राहिलं असण्याची शक्यता पाऊण, आणि राहिलं तर ते तुमच्या हाती येण्याची तिनात एक. पाऊण गुणिले एक तृतीयांश म्हणजे पाव. ताटाखाली काही ठेवलं नसतं तरी पावच होती! समोरच्यांच्या हातातली पानंसुद्धा अशीच ताटाखाली आहेत. ती तुम्ही पाहिलेली नाहीत, म्हणून ती कॅटमध्ये असोत की कुणाच्या मुठीत, हिशेबाला सारखीच.

यावर तुम्ही म्हणाल, समोरचा पॅट राहिला, एकही पान बदललं नाही, तर त्याच्याकडे एक किलवर नक्कीच आहे. बरोबर, ही खरी माहिती आहे. पण तीही मांडून बघू. त्याची चार पानं वजा करून उरली ४४. त्याचं किलवर तुमच्या कामाचं असेल तर तुमची ९ उरतात, म्हणजे २०.५ टक्के. त्याच्याकडे किलवरचा एक्का, दुर्री किंवा तिर्री असेल तर तुमची दहाही शाबूत, म्हणजे २२.७. आपण २०.८ वर होतो. ‘माझं किलवर गेलं’ असं पोटात धस्स होतं खरं, पण आकडा जेमतेम हलतो.

एका ठिकाणी मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. सहा जण जोरात पानं बदलत असतील तर कॅट संपतो आणि टाकलेली पानं पिसून पुन्हा वापरतात. टाकलेल्यांत राजा, राणी, गुलाम यांचाच भरणा असतो. तेव्हा बडुगी लागली तरी मोठी लागायचा संभव वाढतो. हे मी लिहिलंच नव्हतं, आणि ते लिहायला हवं होतं.

आता तुमचा डाव. तुमच्याकडे वरचीच तीन पानं, समोरचा पहिल्यापासून पॅट, तिसऱ्या ड्रॉला तुम्हाला किलवरची दश्शी लागली आणि त्याने बदामची अठ्ठी, चौकटची छक्की, इस्पिकची पंजी, किलवरची चौकी दाखवली. वाईट वाटणारच. पण तुम्ही चुकला नाहीत. वाटतानाच मिळणाऱ्या बडुगीत आकड्यांच्या ७१५ जोडण्या असतात. त्यांपैकी अठ्ठी किंवा त्याहून लहान फक्त ७०, दहातली एकही पुरती नाही. गुलाम, राणी किंवा राजा असलेल्या ५०५, म्हणजे ७० टक्क्यांहून जास्त, आणि त्या सगळ्यांना तुमची दश्शी-तिर्री-दुर्री-एक्का हरवते. पहिल्यापासून पॅट राहिलेला माणूस दिसतो तेवढा भक्कम नसतो.

जो पहिल्या ड्रॉला एक पान बदलून दुसऱ्या ड्रॉला थांबला, त्याची गोष्ट वेगळी. तो लहान तीन पानं धरून चौथ्याची वाट पाहत होता. अशा माणसाला तुम्ही अठ्ठीवर धरलंत, तर तुमची दहा पानं दहा राहत नाहीत. चौकी ते अठ्ठी, जास्तीत जास्त पाच. पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या पैशांत, सहा बेट (लावायच्या ठरावीक रकमा) आहेत आणि तुम्हाला एक घालायची आहे, तर सातांतून एकदा, म्हणजे १४.३ टक्के वेळा जिंकणं भाग आहे. दोन ड्रॉंत आणखी दोन पानं पाहून झाली, म्हणून न पाहिलेल्या ४६ पानांतून दहा म्हणजे २१.७ टक्के, बेट घालावी. पाच म्हणजे १०.९, पानं टाकावीत. हातात तीच तीन पानं, पॉट तोच, आणि निर्णय उलटा.

म्हणून समोरच्याच्या हाताचा विचार करा हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. फक्त तो विचार किलवर येईल का यासाठी करू नका, आलेलं किलवर पुरेल का यासाठी करा. कॅट संपण्याचा मुद्दा आज मूळ लेखात घालतो. तुमच्या त्या डावात समोरच्याने दुसऱ्या ड्रॉनंतर बेट वाढवली होती का, तेवढं मात्र कळवा. वाढवली असेल, तर त्या ५०५ मधल्या बऱ्याच जोडण्या मी आधीच खोडल्या असत्या.