पंप आधी, ओवा-कापूर नंतरही नको

‘दम्याचा झटका? पंपाची सवय सोडा, ५ मिनिटांत आराम!’ असा एक मेसेज थंडी पडायला लागली की नाशिकच्या ग्रुपांवर फिरायला लागतो. लिहिणाऱ्याचं नाव नाही, ‘एका नामवंत डॉक्टरांचा सल्ला’ एवढंच. शेवटी दहा जणांना पाठवायची विनंती. अशा मेसेजांच्या नादी मी लागत नाही, पण या खेपेला माझ्या मित्राच्या आईने त्याची झेरॉक्स काढून फ्रिजच्या दारावर लावली. मित्राला लहानपणापासून दमा आहे. घरात पंप आहे, औषधाची वाफ देणारं नेब्युलायझर मशीन आहे, आणि आता त्या दोन्हींच्या वरचढ हा कागद. आईला वाईट वाटेल म्हणून तो काढत नाही. काकूंना तोंडावर बोलायची माझीही छाती नाही. म्हणून इथे लिहितोय.

मेसेजमध्ये सात गोष्टी आहेत. झटका आलेल्या माणसाला उताणं झोपवून पाय उंच ठेवा. निखाऱ्यावर ओवा-कापूर टाकून धुरी द्या. तोंडाला कागदी पिशवी लावून तिच्यात श्वास घ्यायला सांगा. गरम पाण्यातून हळद-मध पाजा. कोरी कडक कॉफी द्या. छातीतली शिट्टी थांबली की झटका उतरला समजा. आणि पंप अगदी शेवटी, नाइलाज झाला तरच. कारण त्याची सवय लागते आणि हृदय कमकुवत होतं.

शेवटच्या कलमापासूनच सुरू करतो, कारण बाकीच्या सहांनी जेवढं नुकसान होणार नाही तेवढं हे एक कलम करतं.

झटक्यात होतं काय? श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, नळ्यांचं अस्तर सुजतं आणि आत चिकट कफ साचतो. हवा आत कशीबशी जाते, पण बाहेर पडत नाही. झटक्यात घ्यायच्या निळ्या पंपातलं सालब्युटामॉल हे औषध थेट त्या आवळलेल्या स्नायूंवर पोचतं आणि काही मिनिटांत त्यांना सैल करतं. मेसेजमधला एकही उपाय हे काम इतक्या लवकर करत नाही. म्हणजे जे काम करतं ते शेवटी ठेवायचं आणि जे करत नाही त्यात पहिली १५-२० मिनिटं घालवायची, असा हा सल्ला आहे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१४ मध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंची तपासणी प्रसिद्ध केली. त्यातली ४५ टक्के माणसं वैद्यकीय मदत न मागताच, किंवा ती पोचायच्या आत गेली. ब्रिटनमध्ये ही गत, तर आपल्याकडे धुरीसाठी निखारे पेटेपर्यंत थांबायचं म्हणजे कमालच झाली.

आता ‘सवय’. पंप घेतल्यावर छातीत धडधडतं, हात थरथरतात, हे खरं आहे. थोड्या वेळाने ते थांबतं. त्याचा अर्थ हृदय खिळखिळं झालं असा होत नाही. गंमत म्हणजे पंपाला घाबरणाऱ्या घरांत त्याच औषधाची गोळी बिनदिक्कत चालते. हिशेब बघा: पंपाच्या एका फवाऱ्यात सालब्युटामॉल असतं १०० मायक्रोग्रॅम. गोळी येते २ किंवा ४ मिलिग्रॅमची. ४ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे ४० फवारे, आणि तेही आधी पोटात, मग रक्तात, मग सगळ्या अंगभर फिरून छातीपर्यंत. वर परिणाम उशिरा. तरी गोळी ‘साधी’ आणि पंप ‘स्ट्राँग’! चारचौघांत तोंडाला पंप लावायची लाज वाटते, हे खरं कारण. विशेषतः मुलगी लग्नाची असेल तर. ते कुणी कबूल करत नाही, म्हणून सवयीचं निमित्त.

यात एक अर्धसत्य आहे, आणि ते नाइलाजाने का होईना मान्य करायला हवं. जगभरचे डॉक्टर दम्यासाठी ज्या मार्गदर्शिकेचा आधार घेतात ती ‘जीना’ नावाच्या संस्थेची, १९९३ पासून काम करणाऱ्या. दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारचा जागतिक दमा दिनही त्यांचाच. त्यांनी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की मोठ्यांच्या आणि किशोरवयीन मुलांच्या दम्यावर नुसता निळा पंप देत राहू नका. त्याने स्नायू सैल होतात, पण सूज तशीच राहते. वर्षाला २०० फवाऱ्यांचे तीन किंवा जास्त डबे लागत असतील तर झटक्यांचा धोका वाढलेला असतो. बारा लागत असतील तर जिवाचाच धोका. तेव्हा निळ्या पंपावर दिवस काढणाऱ्याची काळजी वाटायलाच हवी. पण त्यावरचा उपाय म्हणजे सूज उतरवणारा, थोड्या स्टेरॉइडचा पंप डॉक्टरांकडून सुरू करून घेणं आणि तो नेमाने ओढणं. झटका आलेला असताना निळा पंप लपवून ठेवणं नव्हे. मेसेज लिहिणाऱ्याने कुठूनतरी अर्धं वाक्य ऐकलं आणि उरलेलं ओव्या-कापराने भरून काढलं.

दुसरं भयंकर कलम शिट्टीचं. ‘आवाज थांबला की झटका उतरला.’ हे वाचून मी खरोखर हादरलो. अरुंद झालेल्या नळीतून हवा जाते तेव्हा शिट्टी वाजते. औषधाने नळी मोकळी झाली की शिट्टी थांबते, बरोबर. पण नळी इतकी आवळली की हवाच जाईनाशी झाली, तरीही शिट्टी थांबते. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात आणि काहीच ऐकू येत नाही, तेव्हा त्यांची धावपळ सुरू होते. घरात मात्र ‘हां, बसला बघ आवाज’ म्हणून सगळे सुस्कारा टाकणार. त्यामुळे आवाजावर जाऊ नका, माणसावर जा. त्याला एक पूर्ण वाक्य बोलता येतंय का? की दोन शब्द आणि दम, दोन शब्द आणि दम? खांदे वर-खाली होतायत का, गळ्यापाशी आणि बरगड्यांमध्ये खळगे पडतायत का? ओठ निळसर दिसतायत का? मघाशी धडपडणारा माणूस एकदम सुस्त, झोपाळू झाला असेल तर तो आराम नाही. कोविडपासून घराघरांत ऑक्सिमीटर पडलेले आहेत, ते वापरा. ९२ च्या खाली आकडा म्हणजे जिवावरचं दुखणं. मात्र आकडा ९६ आहे म्हणून बोलता न येणाऱ्या माणसाला घरी ठेवू नका.

धुरीबद्दल काय बोलायचं. ज्याच्या श्वासनलिका धुराने आवळतात त्याला बंद खोलीत धूर द्यायचा. निफाडचा पारा घसरला, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात छापून आला, की इकडे सिडकोपासून पंचवटीपर्यंत दमेकऱ्यांची छाती भरायला लागते. कोरडी गार हवा, खोदलेल्या रस्त्यांची धूळ, पहाटे पेटवलेल्या शेकोट्या, पाचोळा. बाहेर एवढं असताना घरात निखारे कशाला? उदबत्ती, डासांची कॉइल, कापूर, फोडणीचा खाट, सगळं बंद करा आणि खिडकी उघडा. पातेल्यातल्या वाफेचंही तेच. दवाखान्यात मशीनने देतात त्या वाफेत औषध असतं. पातेल्यातली वाफ म्हणजे नुसतं उकळतं पाणी, आणि धाप लागलेल्या माणसाच्या मांडीवर ते सांडायला वेळ लागत नाही.

उताणं झोपवायचं कलम मी डोळ्यांसमोर पाहिलेलं आहे. आमचा सकाळी पांडवलेणी चढणारा ग्रुप आहे. मागच्या थंडीत हाच मित्र अर्ध्या पायऱ्यांवर थांबला, कठड्याला धरून वाकला. पंप खाली, स्कूटरच्या डिकीत. आमच्यातल्या एका काकांनी त्याला पायरीवर आडवं करायला घेतलं, दुसऱ्याने डोक्याखालची पिशवीही काढून घेतली, ‘पाय वर करा रे’ म्हणत. तो हाताने ढकलत होता, बोलता येत नव्हतं. चक्कर आलेल्या माणसाचा उपचार त्यांनी दमेकऱ्यावर लावला. आडवं झालं की पोट वर दाबतं, श्वासाला जागा उरत नाही. दमेकरी आपणहून पुढे झुकतो, हात गुडघ्यांवर टेकतो. त्याच्या शरीराला कळतं ते आपल्याला कळत नाही. त्याला तसंच बसू द्या. बेल्ट, मफलर, वरचं बटण सैल करा, भोवतीची गर्दी हटवा. ग्रुपमधला एक मुलगा धावत खाली जाऊन पंप घेऊन आला आणि काम झालं.

कागदी पिशवीचं एका वाक्यात: सोडलेलीच हवा पुन्हा ओढायची म्हणजे ऑक्सिजन आणखी कमी करायचा, दम्यात हे कधीही करू नका.

हळद-मध चवीला छान. पण धाप लागलेल्याच्या तोंडात काहीही ओतू नका, ठसका लागेल.

कॉफीवर मात्र मेसेज अगदीच खोटा नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो, कारण त्या एका दाण्यावर बाकीचा भुसा खपतो. कॅफिन हे थिओफायलिनच्या कुळातलं. थिओफायलिन म्हणजे जुन्या लोकांच्या ओळखीच्या डेरिफायलिनच्या गोळीतलं एक औषध. कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात कॅफिनने फुफ्फुसांचं काम चार तासांपर्यंत थोडं सुधारतं असं दिसलं. थोडं. तोही आढावा बराचसा या प्रश्नासाठी होता की फुफ्फुसांच्या तपासणीआधी कॉफी टाळावी का. झटक्यावर कॉफी द्या असं त्यात कुठेही नाही. गॅसवर पाणी ठेवून ते उकळेपर्यंत पंपाचे सगळे फवारे देऊन होतात.

आणि ते द्यायचे कसे, हे फ्रिजवर लावण्यासारखं आहे. पंपाचं झाकण काढा, आत काही अडकलेलं नाही ना बघा, जोरात हलवा. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी, असेल तर त्यातूनच द्या, कारण धाप लागलेल्याला बटण दाबणं आणि श्वास ओढणं एकाच वेळी साधत नाही. अर्धं औषध जिभेवर बसतं. एक फवारा, मग स्पेसरमधून चार-पाच सावकाश श्वास. मग पंप पुन्हा हलवून पुढचा. दोन-तीन फवारे एकदम मारू नका. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला असा: ३० ते ६० सेकंदांनी एक, जास्तीत जास्त १०. ‘जीना’च्या डॉक्टरांसाठीच्या सूचनेतही ४ ते १० फवारे, पहिल्या तासात दर २० मिनिटांनी, असंच आहे. हा हिशेब सालब्युटामॉलचा. मित्राकडे फॉर्मोटेरॉल आणि ब्युडेसोनाइडचा एकत्र पंप असेल तर त्याची मोजणी वेगळी आणि कमी असते. ती डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, झटका यायच्या आधी.

स्पेसर नसेल तर? दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून, कडा बंद करून लहान मुलांना औषध दिलं आणि विकतच्या स्पेसरशी तुलना केली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं, बाटली त्याच तोडीची ठरली. ही आपली पाण्याची बाटलीच. एक तयार करून पिशवीत टाकून ठेवायला काय जातं? पंपात किती औषध उरलंय ते त्याच्यावरच्या आकड्यावरून बघा. डबा पाण्यात तरंगवून बघायची जुनी युक्ती भरवशाची नाही.

त्या मेसेजमध्ये १०८ चा उल्लेखच नाही, यावरून लिहिणाऱ्याने कधी झटका पाहिलाय का याचीच शंका येते. महाराष्ट्रात २०१४ पासून ही रुग्णवाहिका सेवा आहे, फुकट. दहा फवाऱ्यांनी उतार पडला नाही, किंवा आधीच बोलता येत नसेल, ओठ निळे असतील, तर लगेच फोन लावा. पंपच जवळ नसेल तर फवाऱ्यांचा हिशेब कसला, पहिला फोन १०८ ला. तोवर शेजारच्या दमेकऱ्याचा निळा पंप मागून आणा, अशा वेळी दुसऱ्याचा चालतो. फोनवर ‘दम लागलाय’ एवढंच सांगू नका, दम जिना चढूनही लागतो. ‘दम्याचा पेशंट आहे, वाक्य बोलता येत नाहीये, पंपाने फरक नाही’ असं सांगा आणि पत्त्याबरोबर जवळची खूण द्या. एकाला कॉलनीच्या तोंडाशी उभं करा. गाडी यायला दहा मिनिटांच्या वर गेली तर दहा फवारे पुन्हा सुरू करा. स्कूटरवर मागे बसवून नाशिकच्या द्वारका चौकाच्या गर्दीतून नेऊ नका. वाटेत शुद्ध गेली तर मागे धरायला कुणी नसतं.